पुणतांब्याच्या यार्डातला रविवार

गेल्या नवरात्रानंतर माझ्या जपात खंड पडू लागला. माळ हातात असे, ओठ हलत असत, आणि मध्येच साखर कारखान्याची सायडिंग मनात शिरे. मग कुठवर आलो होतो ते आठवत नसे. मेरुमणी चाचपून पुन्हा आरंभ करावा लागे. माझा स्वभाव मुळात संथ. विद्यार्थ्याला धातुरूपे येईनात, तर ती येईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहणारा मी मनुष्य. पण त्या दिवसांत पाटावर स्थिर बसवेना. देवपूजा कशीबशी आटोपून मी गच्चीकडे जाई, तिथे काहीच न करता खाली येई, आणि आसनावर बसल्यावर पुन्हा वर जावेसे वाटे.

राहात्याला आमच्या घराच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली आहे. निवृत्तीनंतर तिथे मी आणि माझे एक स्नेही यांनी छोट्या आगगाडीचा लेआउट उभारला. आम्ही दोघे एकाच शाळेत शिकवीत होतो, मी संस्कृत आणि ते गणित. ते कोल्हारचे. घराणे ख्रिस्ती, रविवारची सकाळची उपासना चुकवायची नाही आणि ती आटोपली की एसटीने राहात्याला यायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. ते मला ‘शास्त्रीबुवा’ म्हणत, मी त्यांना ‘सर’. प्लायवुडच्या फळ्यांवर आम्ही पुणतांब्याचे यार्ड, शिर्डीकडे फुटणारा फाटा, कांद्याचा मालधक्का आणि एक साखर कारखाना आणि त्याची सायडिंग, म्हणजे वाघिणी उभ्या करायचा बाजूचा रूळ, अशी रचना केली होती. वीतभर लांबीची इंजिने हातातल्या कंट्रोलरने चालवायची.

पाहुण्यांची समजूत अशी, की गाड्या गोल गोल फिरवायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. तसा खेळ आम्हांला फार दिवस पुरला नसता. आमच्या लेआउटवर प्रत्येक वाघिणीला, म्हणजे मालडब्याला, काम असे. एखादी रिकामी वाघीण कारखान्यावर पोहोचवायची, तिच्यात साखर भरली असे मानायचे, मग ती उचलून मनमाडकडे धाडायची. कोणती गाडी कोणती वाघीण कुठून उचलणार आणि कुठे सोडणार, हे ठरवणे म्हणजे खरे चालन. त्यासाठी सरांनी प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड केले होते आणि त्यावर मुंगीच्या अक्षरांत तिचा प्रवास लिहिला होता. यार्डापाशी एका उंच स्टुलावर बसून ते कार्डे वाचीत, सांधे बदलीत आणि शंटिंग करीत, म्हणजे वाघिणी जोडून-सोडून हव्या त्या रुळावर लावीत. मी गाडी घेऊन येई व जाई. यार्डात त्यांचा शब्द अखेरचा असे.

मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला. कडेचे दिसे, मधले विरत चालले. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी धुराचा गोळा दिसतो, असे ते सांगत. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की गेलेले परत येणार नाही, उरले आहे ते जपायचे. वाघिणी ते बोटांनी ओळखू शकत होते, छत कसे आहे, दार कुठे आहे, यावरून. कार्डे मात्र त्यांना वाचता येईनात. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यांनी कार्डांचा गठ्ठा रबराने बांधला आणि माझ्या हाती दिला.

“शास्त्रीबुवा, आता दुसरा यार्डमास्तर बघा.”

“दुसरा कोण येणार आहे?”

“मग एकटे चालवा. मी स्टुलावर बसून नुसती जागा अडवायची, ते मला नको.”

मी गठ्ठा घेतला, पण मनाने तो स्वीकारला नाही. सर यायचे थांबले तर ते घरातच बसणार, आणि घरात बसलेल्या माणसाची उरलेली दृष्टीही लवकर मावळते, अशी माझी धारणा होती. ती शास्त्रशुद्ध आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. त्या खोलीत सरांना काम राहिले पाहिजे, एवढेच मला समजत होते, आणि त्यापुढचे काहीच सुचत नव्हते.

सुचवले ते सूनबाईने. ती शिर्डीला एका बँकेत काम करते आणि संध्याकाळी माझ्या अज्ञानाची परीक्षा घेते.

“बाबा, एवढं काय घेऊन बसलात? यासाठी सॉफ्टवेअर मिळतात. अमेरिकेत तुमच्यासारखे म्हातारे ढिगाने आहेत.”

“आमच्यासारखे?”

“तुमच्याहून वेडे. त्यांचे व्हिडिओ बघा एकदा.”

तिने लॅपटॉपवर दोन सॉफ्टवेअर उतरवून दिली. पहिल्याचे वैभव मोठे होते. ते रुळांशी जोडले, की कोणती गाडी कुठे आहे हे त्याला आपोआप कळे. ते सांधे बदली, सिग्नल देई, गाडी थांबवी आणि सोडी. माणसाने फक्त आरंभाची कळ दाबायची. दुसरे अगदी साधे होते. वाघिणींची, स्थानकांची आणि गाड्यांची माहिती त्यात भरली, की प्रत्येक गाडीसाठी ते एक हुकूमपत्र तयार करी: अमुक ठिकाणाहून ही वाघीण उचला, तमुक ठिकाणी ती सोडा. पुढचे सारे काम माणसाच्या हाताने करायचे.

माझा कल पहिल्याकडे गेला. त्यात वाचायचे काही नव्हते. म्हणजे सरांची अडचणच उरत नव्हती. पुढच्या रविवारी मी आग्रह करून त्यांना बोलावले आणि ते सॉफ्टवेअर लावून दाखवले. कारखान्याकडे निघालेली गाडी आपण होऊन थांबली, सांधा खट्‌ असा बदलला, गाडी पुढे गेली. सर कान देऊन ऐकत होते.

“आणि मी काय करायचं?”

“आता काहीच करायला नको, सर. निवांत बसून पाहायचं.”

“पाहायचं,” ते म्हणाले.

शब्द माझ्या तोंडातून निघून गेला होता. मग तेच हसले.

“तुमच्या देवळात ते विजेचं यंत्र बसवलंय ना, आरतीला घंटा, नगारा, झांजा सगळं एकटंच बडवतं? तुम्हीच मला सांगितलंत, की ते आल्यापासून लोक खिशात हात घालून उभे राहतात. इथेही तेच बसवताय होय?”

ते यंत्र बसवू नये म्हणून मी विश्वस्तांपुढे तासभर बोललो होतो. सरांना त्यातला शब्द न्‌ शब्द ठाऊक होता. पहिल्या सॉफ्टवेअरचा विषय तिथेच संपला.

दुसऱ्यात माहिती भरण्याचे काम मी स्वतः अंगावर घेतले. सूनबाई म्हणाली, “मी एका संध्याकाळी करून देते.” मी नको म्हटले. प्रत्येक वाघीण हातात घेऊन, तिचा रंग आणि क्रमांक पाहून मी नोंद करीत होतो, आणि ते करताना मनात एकच घालमेल, की हे सरांना मानवेल का. हुकूमपत्र वाचणार कोण? त्यावरही सूनबाईने तोड काढली. मोबाईल ते मोठ्याने वाचून दाखवतो. एका बाईचा आवाज होता, शुद्ध, थंड आणि कोणत्याही गावाचा नसलेला. मला वाटले, हे उत्तम. सरांना माझ्यावर अवलंबून राहावे लागणार नाही.

गाड्यांच्या वेळाही मीच घातल्या. आमच्या वेळापत्रकात एक रात्रीची मालगाडी होती. ती दिवसातली शेवटची. रात्री दोन वाजता पुणतांब्याहून निघून कारखान्याच्या सायडिंगवर दोन वाघिणी ठेवायची. कार्डांच्या काळात सर तिला नुसते ‘शेवटची’ म्हणत. तिची वेळ लिहायची गरज कधी पडली नव्हती. सॉफ्टवेअरने वार आणि वेळ विचारली. मी रविवार आणि रात्रीचे दोन असे भरले. मग सगळ्या गाड्यांची हुकूमपत्रे तयार करून घेतली, आणि ज्या क्रमाने गाड्या सोडायच्या त्या क्रमाने लावून ठेवली, सकाळची वर, रात्रीची तळाशी.

तो रविवार आला. सर स्टुलावर बसले. मोबाईलमधल्या बाईने सकाळच्या गाडीचा पहिला हुकूम सांगितला: साखर सायडिंगवरून दोन वाघिणी उचला.

सरांनी इंजिन मागे घेतले, सांधा बदलला आणि हात पुढे केला. बोटे रुळावरून सरकत टोकाच्या अडसरापर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली.

“पुन्हा लावा ते,” ते म्हणाले.

बाईने तेच सांगितले, त्याच आवाजात.

“शास्त्रीबुवा, इथे काही नाही.”

मी वाकून पाहिले. सायडिंग खरोखरच रिकामी होती. त्या वेळी मी जे बोललो त्याचा मला अजून विषाद वाटतो. मी म्हणालो, “सर, मागच्या खेपेला तुम्ही त्या दुसऱ्या रुळावर लावल्या असतील.”

ते वाद घालतील असे मला वाटले होते. आमचे तीस वर्षांचे बोलणे म्हणजे निम्मा वाद. पण ते शांतपणे म्हणाले, “असेल. आता माझं काय सांगावं?” मग सगळ्या रुळांवरून त्यांची बोटे फिरली. दोन वाघिणी हाती लागेपर्यंत त्यांनी कांद्याच्या वाघिणींची एक रांग आडवी केली, एक सिग्नल वाकवला. बाईचा दुसरा हुकूमही पहिल्यावर अवलंबून होता; तोही जुळेना. सरांनी कंट्रोलर फळीवर ठेवला आणि रुमालाने बोटे पुसली.

“साडेतीनची एसटी मिळेल मला,” ते म्हणाले.

मी त्यांना स्टँडवर सोडले. गाडीत चढताना ते म्हणाले, “बोटांवर भिस्त होती. तीही गेली म्हणायची.”

त्या संध्याकाळी माझी संध्या झालीच नाही. अर्घ्याचे पाणी हातात घेतले आणि ते बोटांच्या फटींतून तसेच ताम्हणात गळून गेले. मनात एकच विचार, की पहिलेच सॉफ्टवेअर घ्यायला हवे होते. त्याने निदान या माणसाला असे तोंडावर पाडले नसते. सूनबाईने जेवायला हाक मारली, ती मी ऐकली नाही. पत्नी म्हणाली, “उद्या फोन करा त्यांना.” फोनवर काय बोलणार, ते मला सुचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो आणि उरलेली हुकूमपत्रे एकेक करून वाचू लागलो. तळाशी रात्रीच्या मालगाडीचे पत्र होते. त्यात लिहिले होते: पुणतांब्याच्या यार्डातून दोन वाघिणी घ्या, साखर सायडिंगवर ठेवा. क्रमांक पाहिले. त्याच दोन वाघिणी. सर जिथे त्या शोधत होते तिथे त्या अजून पोहोचायच्याच होत्या. सॉफ्टवेअरच्या मते मात्र त्या आधीच पोहोचल्या होत्या.

बँकेत निघालेल्या सूनबाईला मी दारात अडवले आणि लॅपटॉप दाखवला. तिने एकदा पाहिले.

“बाबा, तुम्ही रविवार दोन वाजता असं भरलंय.”

“हो. रविवारची शेवटची गाडी.”

“रात्री दोनला रविवार कुठला? म्हणजे, रविवारच, पण सुरू होऊन दोनच तास झालेले. सॉफ्टवेअरच्या हिशेबी ती पहिली गाडी.”

“छे. तेव्हा अजून शनिवारच असतो. सूर्य उगवल्याशिवाय वार बदलत नाही.”

“तुमच्या पंचांगात.”

“मग आणखी कशात?”

“माझ्या मोबाईलमध्ये रात्री बाराला बदलतो बाबा. सगळ्या जगाच्या मोबाईलमध्ये.”

ती निघून गेली. जन्मभर मी वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजला. मुंज, श्राद्ध, एकादशी, सारे त्यावरच. रविवारची रात्र दोन वाजताही रविवारचीच, असे मला इतके स्वाभाविक वाटत होते, की तो अंक भरताना हात क्षणभरही थबकला नाही. सॉफ्टवेअरने ती गाडी दिवसाच्या आरंभी धरली, मी ती शेवटी ठेवली. त्या दोन रविवारांच्या मधल्या फटीत सरांची बोटे सापडली होती.

पूजा तशीच अर्धी ठेवून मी कोल्हारची एसटी पकडली. नगर-मनमाड रस्त्याचे काम चालूच होते. गाडी धुळीतून रांगत होती आणि मी आसनावर पुढे सरकून बसलो होतो, जणू त्याने ती लवकर पोहोचणार होती. कंडक्टर म्हणाला, “बाबा, मागं टेकून बसा की. कोल्हार काय पळून जात न्हाई.”

सर ओसरीवर मेथीची जुडी निवडत बसले होते. त्यांच्या पत्नी दारात आल्या.

“बरं झालं आलात. कालपासून तोंड उघडलं नाही यांनी. सकाळपासून एकच जुडी चाललीय.”

“कोण?” सरांनी मान किंचित तिरकी केली, कडेच्या नजरेने पाहण्याची त्यांना आता सवय झाली होती. “शास्त्रीबुवा? सोमवारी?”

मी चप्पल काढण्यापूर्वीच सांगून टाकले. रात्रीची गाडी, दोन वाजता, सूर्योदय, बारा, सगळे उलटसुलट. त्यांनी मला थांबवले आणि गणिताच्या तासाला करीत तसे एकेक पायरी विचारू लागले.

“म्हणजे रात्रीची गाडी निघालीच नव्हती.”

“नव्हती.”

“म्हणजे सायडिंगवर वाघिणी नव्हत्याच.”

“नव्हत्या.”

“आणि माझ्या बोटांना तेच कळत होतं.”

“हो सर. मी जे बोललो ते...”

“ते राहू द्या.” त्यांनी मेथीची काडी बाजूला टाकली. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. “तीस वर्षं तुमचं पंचांग ऐकलं. शाळेचं स्नेहसंमेलन भद्रा आहे म्हणून पुढे ढकललंत, तेव्हाही मी काही बोललो नाही. पण यार्डात पंचांग!” त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, “अगं ऐकलंस का, यांच्या घरी पहाटेपर्यंत कालच असतो!”

त्यांच्या पत्नी हसल्या. मी हसू शकलो नाही. माझे मन अजून त्या वाकलेल्या सिग्नलपाशी होते.

“सर,” मी म्हणालो, “मी पहिलंच सॉफ्टवेअर घेतो. त्यात असल्या चुका होत नाहीत. तुम्ही नुसते सोबतीला या.”

“नको.”

“मग हेच ठेवू. मी वेळा दुरुस्त करतो.”

“करा. आणि ती बाई काढून टाका.”

“कोण बाई?”

“मोबाईलमधली. काल मी तिला दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा तेच. तिला ओशाळं वाटत नाही, ती चुकली असं म्हणत नाही, मागे फिरून बघत नाही. तिच्याशी भांडता येत नाही, शास्त्रीबुवा. मग माणूस स्वतःशी भांडतो. हुकूम तुम्ही वाचा. तुम्ही चुकलात तर तुमच्याशी मला भांडता येईल.”

“पण मग तुम्हांला माझ्यावर अवलंबून राहावं लागेल.”

“आणि आजवर मी शंटिंग करीत होतो तेव्हा तुमची गाडी कुणावर अवलंबून होती?”

त्यांनी मला अर्धी जुडी दिली आणि आम्ही मेथी निवडली. रविवारी येणार का, असे विचारायचे माझ्या ओठांवर होते, पण विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते देवाला ठाऊक. वेळा पुन्हा पुन्हा तपासल्या. रात्रीची गाडी आता रात्री दहाला सोडली, म्हणजे सूर्याचा आणि मोबाईलचा वाद उद्भवायलाच नको. सूनबाईने ती वेळही पाहून दिली. रविवारी मी नेहमीच्या वेळेआधी बराच वेळ राहात्याच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. एक गाडी आली, तिच्यातून ते उतरले नाहीत. दुसरी आली. मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होतो. ओळखीच्या एकाने विचारले, कुणी पाहुणे यायचे आहेत का. मी हो म्हणालो, आणि एका जागी उभे राहवेना म्हणून पुन्हा चालू लागलो. तिसऱ्या गाडीतून कंडक्टर आधी उतरला आणि त्याच्या हाताला धरून सर.

“उशीर झाला,” ते म्हणाले. “उपासनेनंतर लोक भेटत राहतात. पहाटेपर्यंत कालच असतो, हे सांगितलं सगळ्यांना.”

खोलीत गेल्यावर त्यांनी आधी सगळ्या रुळांवरून बोटे फिरवली, सायडिंगपासून मालधक्क्यापर्यंत. मग स्टुलावर बसले. मी पहिले हुकूमपत्र वाचले. त्यांनी दोन वाघिणी उचलल्या. दुसऱ्या हुकुमाला त्यांनी हात वर केला.

“ही कांद्याची वाघीण मधल्या रुळावर ठेवली तर तुमची पुढची गाडी कुठून काढणार?”

“हुकुमात तसंच आहे, सर.”

“हुकुमात असू द्या. ती मागे लावतो.”

“मग पुढचा हुकूम जुळणार नाही.”

“का नाही जुळणार? पुढचं वाचलंत का?”

मी वाचले नव्हते. वाचले. आम्ही त्यावर बराच वेळ भांडलो, आवाज खाली पत्नीला ऐकू जाईल इतके. त्यांचे बरोबर होते. काही वेळा माझेही. त्यांच्या डोळ्यांना आणखी किती दिसत राहील, हे मला ठाऊक नाही, आणि तो विचार अजूनही जपाच्या मध्ये येतो, मणी अजूनही चुकतो. त्या दुपारी मात्र त्यांनी कांद्याची वाघीण स्वतःच्या मताप्रमाणे मागे लावली, दोन वाघिणी जोडणारी कपलिंग लागल्याचा बारीक आवाज ऐकला, आणि तोंड माझ्याकडे न वळवता म्हणाले, “पुढचं वाचा. आणि या वेळी आधी नीट बघून.”